आधी 'फँटम' की 'लार्जां'?

पैशाचा आव आणणाऱ्यांवरचे हे दोन मूकपट: मुर्नाउचा जर्मन 'फँटम' (1922) आणि मार्सेल लेर्बिएचा फ्रेंच 'लार्जां' (1928). पहिल्याकडे लोक वळत नाहीत, कारण मुर्नाउचा त्याच वर्षीचा 'नोस्फेरातू' सगळा भाव खाऊन गेला. दुसरा लांबीमुळे मागे पडतो. दोघांत जर्मन नट आल्फ्रेड आबेल आहे, म्हणून ही जोडी.

'फँटम'मध्ये तो ब्रेस्लाउमधला कारकून, फावल्या वेळात कवी. पांढऱ्या घोड्यांच्या बग्गीची धडक बसते, आतली श्रीमंत पोरगी डोक्यात ठाण मांडते आणि गडी वाहवत जातो. कविता छापून येणार या भरवशावर तो सावकारी करणाऱ्या नात्यातल्या बाईकडून पैसे उचलतो. ते उडतात मात्र भलतीवरच, त्या पोरीसारख्या दिसणाऱ्या दुसरीवर (दोन्ही भूमिका लिया दे पुत्तीच्या). एका प्रसंगात तो रस्त्याने जातो आणि दुतर्फाची घरं त्याच्या अंगावर झुकतात. एवढ्यासाठीसुद्धा चित्रपट बघावा. खोट एकच: तो यातून बचावला आहे आणि ही गोष्ट स्वतःच लिहितोय, हे सुरुवातीलाच कळतं. जीव टांगणीला लागत नाही.

'लार्जां'मध्ये हाच आबेल खरा धनाढ्य, बँकर गुंडरमान. आवाज नाही, घाई नाही. थापा मारतो तो दुसरा, साकार नावाचा सट्टेबाज. गयानातल्या तेलाच्या नावावर, एका वैमानिकाच्या धाडसी उड्डाणाच्या जोरावर शेअर चढवतो. फ्रेंच लेखक एमिल झोलाची 1891 ची कादंबरी लेर्बिएने थेट स्वतःच्या काळात आणली आणि पॅरिसच्या खऱ्या शेअर बाजारात, सुट्टीत तो बंद असताना, गर्दी जमवून चित्रण केलं. घुमटाखालून कॅमेरा खालच्या कोलाहलाकडे फिरत जातो, तिकडे विमान धावपट्टी सोडतं. लेर्बिएचा कॅमेरा कथेपेक्षा हुशार आहे. मधला तासभर रेंगाळतो, हे मान्य करावं लागेल. चित्रपट आल्यावर वर्षभरातच न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला.

मूकपटांची सवय नसेल तर निःशंक 'फँटम'. दोन तासांचं काम आहे, माणूस लगेच कळतो. शेअर बाजारात गम्य असेल, सटोडियांची नस ओळखत असाल, तर उलटा क्रम चालेल. फक्त 'लार्जां' मोबाइलवर बघू नका, मोठा पडदा गाठा. जवळपास तीन तास एका दमात झेपत नसतील तर दोन रात्रींत उरका.