गावनकाशांसाठी पोस्टजीआयएस, जिओसर्व्हर आणि ओपनलेयर्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल: मराठवाड्यातल्या गट नंबरांचे, गावशिवांचे नकाशे वेबवर हवे तसे दाखवायचे असतील, तर हे त्रिकूट घ्याच: पोस्टजीआयएस हा नकाशांचा डेटाबेस, जिओसर्व्हर त्यातले नकाशे वेबवर पाठवतो, ओपनलेयर्स ते ब्राउझरमध्ये दाखवतं. तिन्ही मोफत, आणि मराठी लेबलं नीट येतात. जिओसर्व्हरच्या जावा कोडला हात लावायची वेळ क्वचितच येते. रंग आणि लेबलं स्टाइलमध्ये बदलतात. शोध, मोजणी, बटणं ओपनलेयर्समध्ये.

मांडणी अशी: विंडोज लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल-२ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय), त्यात उबुंटू लिनक्स, त्यावर डॉकर (प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या बंद खोक्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन). ८ जीबी रॅमवर भागतं, पण सोबत क्यूजीआयएस (डेस्कटॉपवरचं नकाशांचं सॉफ्टवेअर) उघडलं की मशीन रखडतं; १६ जीबी असलेली बरी. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर न ठेवता उबुंटूच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. सी ड्राइव्हवरची फाइल बदलली की लिनक्सला त्याची खबर लागत नाही, म्हणून सेव्ह करूनही ब्राउझरमध्ये जुनाच नकाशा राहतो.

पोस्टजीआयएस आणि जिओसर्व्हर हे दोन कंटेनर डॉकर कंपोजमधून (अनेक कंटेनर एका फाइलवरून सुरू करायची सोय) उठवायचे. जिओसर्व्हरमध्ये डेटाबेस जोडताना होस्टच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहिलं तर जोडणी होत नाही, कारण कंटेनरच्या लेखी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतः. तिथे कंपोजमधलं डेटाबेस सर्व्हिसचं नाव आणि पोर्ट ५४३२ टाका. जिओसर्व्हरची डेटा डिरेक्टरी व्हॉल्यूमवर (कंटेनरबाहेरच्या कायमच्या साठ्यात) ठेवा, नाहीतर कंटेनर काढला की सगळे लेयर गेले. इमेजचं (कंटेनर ज्यावरून बनतो त्या साच्याचं) व्हर्जन आकड्यानिशी लिहा, ‘लेटेस्ट’ नको. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला अचानक नवी इमेज उतरवणं परवडत नाही.

ओपनलेयर्सचा प्रोजेक्ट वीटवर (Vite, वेब प्रोजेक्ट चालवून पाहायचं साधन) चालतो, पोर्ट ५१७३. जिओसर्व्हर ८०८० वर. पोर्ट वेगळे, त्यामुळे ब्राउझर कॉर्सची (परक्या पत्त्यावरून डेटा घ्यायच्या परवानगीची) चूक दाखवतो. विकास करताना वीटच्या कॉन्फिगमध्ये जिओसर्व्हरच्या पत्त्याला प्रॉक्सी (मध्यस्थ) लावली की प्रश्न मिटतो.

खरी डोकेदुखी डेटाची. शेपफाइलमध्ये (नकाशाच्या डेटाचा नेहमीचा फाइल-प्रकार) कॉलमच्या नावाला १० बाइटच मिळतात आणि देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइट खातं, म्हणजे ‘गटनंबर’सुद्धा मावत नाही. कॉलमची नावं रोमनमध्ये, मजकूर मराठीत, असं ठेवा. गावांची जोडणी नावावरून करू नका: पिंपळगाव आणि वडगाव किती आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे, शिवाय जुन्या फायलींत औरंगाबाद, उस्मानाबाद असतं आणि नव्यांत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. गावाच्या कोडवरून जोडा, पण तो जनगणनेचा की एलजीडीचा (केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचा) हे आधी ठरवा.

यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडतात; झोन ४३ हा ७८ अंश पूर्वेला संपतो. नांदेड शहर त्यात येतं, किनवट झोन ४४ मध्ये. ४४ मधल्या फाइलवर चुकून ३२६४३ चा (झोन ४३ च्या कोडचा) शिक्का बसला तर किनवट सहा अंश पश्चिमेला सरकतं आणि थेट पालघरसमोर अरबी समुद्रात दिसतं. सगळं ४३२६ मध्ये (साध्या अक्षांश-रेखांशांत) आणून साठवा आणि जिओमेट्रीच्या कॉलमवर जिस्ट इंडेक्स (जागेवरून शोध जलद करणारी सूची) लावा.

क्षेत्रफळाबाबत मात्र अजिबात ढिलाई नको. वेबचा नेहमीचा नकाशा ३८५७ प्रक्षेपात असतो आणि त्यातलं सपाट मोजमाप आपल्या अक्षांशावर फुगतं: जालन्याजवळचं १ हेक्टर शेत साधारण १.१३ हेक्टर भरतं, लातूरजवळचं १.११. जालन्यातला फरक तेरा आर, म्हणजे जवळपास तेरा गुंठे. एवढ्यावरून बांधाचा वाद उभा राहतो. ओपनलेयर्समध्ये गोलीय क्षेत्रफळाचं फंक्शन वापरा, पोस्टजीआयएसमध्ये जिऑग्राफी प्रकारात बदलून मोजा. सातबाऱ्याशी ताडण्यासाठी आकडा हेक्टर-आरमध्ये दाखवा.

मराठी लेबलांच्या जागी चौकोन दिसले तर कंटेनरमध्ये फॉन्ट नाही असं समजा. नोटो सॅन्स देवनागरी त्यात घाला, स्टाइलमध्ये तेच नाव द्या, जिओसर्व्हर पुन्हा सुरू करा. व्हेक्टर टाइल्स (चित्राऐवजी आकृत्यांचा डेटा पाठवणारे नकाशाचे तुकडे) वापरल्या तर लेबलं ब्राउझर काढतो, तिथे ही अडचण नाही.

तक्रारी दोनच. पोस्टजीआयएसमध्ये थेट दुरुस्ती केली तर टाइल कॅशला (आधी काढून साठवलेल्या नकाशाच्या तुकड्यांना) ते कळत नाही; कॅश हाताने रिकामी करेपर्यंत जुनी हद्दच दिसते. आणि एसएलडी (नकाशाची स्टाइल लिहायची एक्सएमएल भाषा) फार लांबलचक लिहावं लागतं. त्यावर सीएसएस स्टाइलचं एक्स्टेन्शन उत्तम, फक्त त्याचं व्हर्जन जिओसर्व्हरच्या व्हर्जनशी तंतोतंत जुळवून घ्या. न जुळलेलं एक्स्टेन्शन टाकलं की जिओसर्व्हर सुरूच न होण्याची शक्यता असते.