जुन्या प्रयोगशाळेतलं अल्फा दूषण शोधायला काय लावावं: सीआर-39, एलआर-115, इलेक्ट्रेट की टीएलडी?

रसायनशास्त्राच्या जुन्या विभागांत युरेनिल नायट्रेट, युरेनिल अ‍ॅसिटेट, थोरियम नायट्रेट यांच्या, म्हणजे अल्फा कण सोडणाऱ्या किरणोत्सर्गी रसायनांच्या, बाटल्या वर्षानुवर्षं कपाटात पडून असतात. त्या रीतसर हलवल्या तरी टेबल, फ्यूम हूडचा तळ आणि सिंकच्या कडा तिथंच राहतात. तिथं कधी काही सांडलं असेल आणि आता ती खोली दुसऱ्या विभागाला द्यायची असेल, तर तपासणी टाळता येत नाही.

झिंक सल्फाइडचं हातात धरायचं अल्फा मीटर मिळत असेल तर आधी तेच फिरवा. मोठा डाग काही सेकंदांत सापडतो. पण मीटरचं तोंड सिंकखालच्या पाइपात शिरत नाही, आणि अगदी हलकं दूषण नुसतं मीटर फिरवून हाती लागत नाही. अशा ठिकाणी विजेविना चालणारे छोटे डिटेक्टर कामाला येतात; वर विचारलेले चारही त्याच जातीचे. ते लावायचे, काही तास किंवा दिवस ठेवायचे आणि काढून वाचायचे. माझं मत आधीच सांगून ठेवतो: युरेनियम-थोरियमसाठी सीआर-39 घ्यावं.

निवड करण्याआधी एक गोष्ट तपासा. अल्फा कण हवेत जेमतेम 4 सेंटिमीटर जातो आणि कागदानं अडतो. टेबलावर नंतर रंगाचा जाड हात मारला असेल, मेणाचं पॉलिश चढवलं असेल किंवा पृष्ठभाग ओला असेल, तर खालचं युरेनियम या डिटेक्टरांना दिसणारच नाही. अशा वेळी खरवडून नमुना घ्यावा आणि गॅमा स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवावा. डिटेक्टर कोरे निघाले म्हणून खोली स्वच्छ ठरवणं धोक्याचं आहे.

सीआर-39 म्हणजे चष्म्याच्या भिंगांचं प्लास्टिक. अल्फा कण त्यात घुसला की वाटेतले रेणू तुटतात. मग तो तुकडा 70 अंश सेल्सिअसच्या 6.25 नॉर्मल (द्रावणाच्या तीव्रतेचं एकक) कॉस्टिक सोड्यात सहा-सात तास ठेवला की तुटलेली वाट आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा लवकर झिजते आणि खड्डा पडतो. साध्या मायक्रोस्कोपखाली तो दिसतो. सरळ आलेल्या कणाचा खड्डा गोल, तिरप्याचा लांबट. दूषण पातळ पसरलेलं असेल तर खड्डे विखुरलेले असतात. एखादा किरणोत्सर्गी कण जागेवर चिकटून बसला असेल तर त्याच्याभोवती खड्ड्यांचा झुबका दिसतो. सांडलेलं द्रावण आणि सुकलेली भुकटी यांतला फरक असा डोळ्यांनी कळतो, आणि सफाई कशी करायची ते त्यावरून ठरतं. बाकी तीन पर्यायांपैकी इतकं स्पष्ट चित्र कोणीच देत नाही.

संवेदनशीलता पुरेशी आहे का, ते कागदावर करून बघू. अमेरिकेच्या 1974 च्या एका जुन्या मार्गदर्शिकेत नैसर्गिक थोरियमची सरासरी मर्यादा 100 चौरस सेंटिमीटरला मिनिटाला 1,000 विघटनं अशी आहे. म्हणजे चौरस सेंटिमीटरला मिनिटाला 10. त्यांतली निम्मी वरच्या दिशेनं, म्हणजे 5. संध्याकाळी तुकडा चिकटवून सकाळी काढला तर बारा तासांत प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 3,600 कण येतात. फार तिरपे कण सीआर-39 वर उमटत नाहीत, तरी उरलेले मोजायला पुष्कळ झाले. मर्यादेच्या विसाव्या भागाइतकं दूषणही रात्रभरात कळू शकतं. हा आकडा फक्त अंदाजासाठी घेतला आहे. तुमच्या खोलीला लागू असलेली मर्यादा तुमच्या आरएसओंकडूनच (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्यांकडूनच) घ्या.

सीआर-39 चा तोटा म्हणजे ते रेडॉन-थोरॉनही, म्हणजे युरेनियम-थोरियमपासून हवेत येणारे किरणोत्सर्गी वायूही, नोंदवतं. थोरियम असलेल्या बंद हूडमध्ये थोरॉन वायू साचतो आणि त्यापासून बनलेली मूलद्रव्यं प्लास्टिकवर बसतात. आधी हूड चालवून हवा खेळती करा, आणि शेजारीच पृष्ठभागाला न टेकवता एक तुकडा टांगून ठेवा. त्याची मोजणी वजा करायची.

एलआर-115 ही सेल्युलोज नायट्रेटची लाल फिल्म, 12 मायक्रॉन जाडीची. भारतात घरांतला रेडॉन मोजायला ती भरपूर वापरली गेली, त्यामुळे विद्यापीठांत तिची सवय आहे. 60 अंशांच्या 2.5 नॉर्मल कॉस्टिकमध्ये दीड तासात ती तयार होते आणि लालवर उजळ ठिपके दिसतात. स्पार्क काउंटर (फिल्मची भोकं विजेच्या ठिणग्यांनी मोजणारं यंत्र) असेल तर मोजणीही झटपट. तरीही टेबलासाठी ती घेताना थांबा. साधारण 4.8 एमईव्हीपेक्षा (एमईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक) जास्त ऊर्जेचा कण या फिल्ममध्ये आरपार भोक पाडत नाही. रेडॉन मोजताना हा गुण ठरतो, कारण फिल्मवर बसलेल्या धुळीचे जोरदार कण आपोआप वगळले जातात. पण थोरियम टप्प्याटप्प्यानं विघटन पावतं, त्या साखळीतल्या सहा अल्फांपैकी फक्त पहिला, थोरियम-232 चा 4 एमईव्हीचा, या मर्यादेच्या आत आहे. पातळ थरावर फिल्म टेकवून ठेवली तर उरलेल्या पाचांची दखलच घेतली जात नाही. युरेनियमला ती चालते, कारण युरेनियम-238 चा अल्फा 4.2 एमईव्हीचा आहे. पण बाटल्यांवर दोन्ही नावं असतील तर एलआर-115 नकोच.

इलेक्ट्रेट आयन चेंबरचा मार्ग वेगळा आहे. विद्युतभार धरून ठेवणारी टेफ्लॉनची चकती एका छोट्या डब्यात बसवतात आणि डब्याचं उघडं तोंड पृष्ठभागावर ठेवतात. एक अल्फा कण हवेत दीड लाखांच्या आसपास आयनजोड्या निर्माण करतो. ते आयन चकतीवर खेचले जातात आणि तिचा व्होल्टेज उतरतो. किती उतरला ते वाचलं की उत्तर हाती. कॉस्टिक नाही, मायक्रोस्कोप नाही. इलेक्ट्रेटनं रेडॉन मोजण्याच्या सुरुवातीच्या कामात ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले पी. कोट्राप्पा आणि त्यांचे सहकारी होते, आणि त्याचा अभिमान वाटतो.

अडचण अशी की गॅमा किरणांनीही व्होल्टेज उतरतो. म्हणून डबे जोडीनं लावावेत: एक उघडा, दुसऱ्याच्या तोंडाखाली कागद. दोघांतला फरक तो अल्फाचा. चकतीला बोट लागलं किंवा पाण्याचा थेंब पडला की वाचन गेलं, म्हणून पावसाळ्यात ओल धरलेल्या खोलीत फार जपावं लागतं. व्होल्टेज रीडरही विकत घ्यावा लागतो. एका खोलीसाठी हा खर्च मला पटत नाही. पण दूषण ट्रिटियमचं (हायड्रोजनच्या किरणोत्सर्गी रूपाचं) असेल तर माझी निवड लगेच बदलते. त्याचा बीटा कण इतका दुबळा असतो, हवेत फार तर 6 मिलिमीटर जाणारा, की सीआर-39 वर त्याची खूणही उमटत नाही. उघड्या तोंडाचं इलेक्ट्रेट चेंबर मात्र तो पकडतं.

टीएलडी बॅज, म्हणजे किरणोत्सर्गाजवळ काम करणारे अंगावर लावतात तो डोस मोजणारा बिल्ला, ओळखीचा असल्यानं लोक तोच सुचवतात. तो बीटा आणि गॅमा डोससाठी आहे. त्याच्या वेष्टनातून अल्फा आत पोचतच नाही, त्यामुळे या कामातून तो बाद.

सीआर-39 ठरलं तर लेझरनं सेंटिमीटरभराचे तुकडे कापून घ्या आणि नंबर मागच्या बाजूला कोरा. वरची संरक्षक पॉलिथिनची पापुद्री अगदी लावतानाच काढा, नाहीतर साठवणीतल्या रेडॉनचे खड्डे आधीच पडलेले असतात. पाइपासाठी दोऱ्याला तुकडे बांधून आत सोडता येतात. पाइप आधी पूर्ण सुकू द्या. तुकडे काढताना हातमोजे घाला आणि कॉस्टिकमध्ये टाकण्याआधी पुसून घ्या, कारण पृष्ठभागावरचं दूषण तुकड्यालाच चिकटून आलेलं असू शकतं.