डिझेल पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: तेल बदलायचं, कूलर लावायचा की थेट रिबिल्ड?

आमच्या दाजींनी मागच्या महिन्यात सेकंडहँड डिझेल पिकअप घेतली, ऑटोमॅटिक, मीटरवर 92 हजार, आणि तेव्हापासून तीन जणांनी त्यांना तीन सल्ले दिलेत. पहिला म्हणतो तेल लाईफटाईमचं असतंय, हात लावू नका. दुसरा म्हणतो पुढं मोठा ऑइल कूलर बसवा. तिसरा कोल्हापूरच्या उद्यमनगरात भेटला, तो म्हणतो गिअरबॉक्स खोलून रिबिल्ड करा, क्लचच्या हेवी ड्युटी प्लेटा टाका आणि लगोलग इंजिन रिमॅप, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून घ्या. दाजी लई गोंधळलेत. मी सहा वर्षं अशीच गाडी चालवतोय, मार्केट यार्डातनं गुळाचे रवे भरून गगनबावड्यावरनं खाली कोकणात जायचं आणि येताना नारळ नाहीतर आंब्याच्या पेट्या घेऊन करूळ घाट चढायचा, म्हणून तिन्ही पर्याय मला कसे वाटतात ते सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, हा गिअरबॉक्स मरतो तो उष्णतेनं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात एक पंखा तेल फेकतो आणि त्या तेलानं समोरचा पंखा फिरतो, आणि दोघांच्या वेगात जेवढा फरक तेवढी तेलात उष्णता. बऱ्यापैकी वेग आला की आतला लॉकअप क्लच दोघांना जोडून टाकतो आणि तेल गार राहतं. पण हंगामात गगनबावड्याच्या वाटेवरच्या कळे गावापासनं पुढं उसाच्या ट्रॉलीमागं पंधराच्या स्पीडनं चालायला लागलं, मागं टनभर माल, चढ, एसी चालू, तर लॉकअप बसतच नाही आणि तेल तापतच राहतं. गाडीच्या कॉम्प्युटरमधलं रीडिंग दाखवणारं स्कॅनरचं छोटं डोंगल लावून मोबाईलवर बघितलं तर सपाट हायवेला माझं तेल 85 डिग्रीच्या आसपास असतं आणि करूळ चढताना 110 च्या वर जातं. 120 च्या पुढं बराच वेळ राहिलं की तेलाची चिकटाई मोडते, रबरी सील कडक होतात आणि क्लचच्या प्लेटा जळायला लागतात.

तर पहिला सल्ला, लाईफटाईम तेल. मला हा अजिबात पटत नाही. मॅन्युअलमध्ये नॉर्मल वापर आणि सिव्हिअर वापर असं वेगळं दिलेलं असतं आणि घाट, ओझं, धूळ हे सगळं सिव्हिअरमध्येच मोडतं. मी दर 40 हजारला बदलतो, हे माझं गणित आहे, तुमचं मॅन्युअल त्याहून लवकर सांगत असेल तर ते ऐका. तेल मात्र कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच, टोयोटाला डब्ल्यूएस सांगितलंय तर डब्ल्यूएसच, दुकानदार सगळ्याला चालतंय म्हणाला म्हणून कुठलंही ओतू नका.

आता बदलायचं कसं यावरनंही वाद हाय. साधी पद्धत म्हणजे खालचा बोल्ट काढून जेवढं निघेल तेवढं काढायचं आणि तेवढंच भरायचं. यात सगळं तेल निघत नाही, कन्व्हर्टर आणि पाइपातलं आतच राहतं. समजा एकूण 10 लिटर आहे आणि 4 निघालं, तर जुनं 60 टक्के राहिलं. थोडी गाडी चालवून परत केलं की 36, तिसऱ्यांदा केलं की 22 च्या आसपास. दुसरी पद्धत मशीननं, कूलरच्या पाइपातनं जुनं बाहेर आणि नवं आत, एका दमात जवळजवळ सगळं बदलतं. गाडीची हिस्ट्री माहीत असेल आणि तेल वेळच्या वेळी बदललेलं असेल तर मशीन बिनधास्त. पण ज्या गाडीचं तेल कधी बदललंय कुणालाच माहीत नाही तिला मी मशीनचा प्रेशर देणार नाही, आत बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेलाच्या दाबानं गिअर बदलणाऱ्या भागाच्या, बारीक वाटेत अडकला तर चालती गाडी बसायची. तिथं साधी पद्धतच तीनदा, मध्ये हजारभर किलोमीटरचं अंतर ठेवून. पहिल्याच वेळी खालचा तेलाचा पॅन उतरवून त्यातला चुंबक बघा. बारीक राखाडी चिखल असेल तर ती नेहमीची झीज, पण धातूचे चकाकणारे कण दिसले तर विषय वेगळा.

एक चूक माझ्याबाबतीत झाली ती सांगतो. एका वर्कशॉपमध्ये तेल भरून घेतलं आणि त्यांनी लेव्हल गाडी गार असतानाच बघितली. ह्या सीलबंद गिअरबॉक्सना बहुतेक वेळा डिपस्टिक नसते, गाडी सपाट पाहिजे, इंजिन चालू पाहिजे आणि तेल ठरावीक तापमानाला, साधारण 40 च्या आसपास आलं की ओव्हरफ्लोच्या बोल्टातनं बारीक धार यायला पाहिजे. माझ्यात कमी पडलं होतं, उजव्या वळणावर गाडी क्षणभर सुटल्यासारखी व्हायची आणि मी आठवडाभर उगाच गिअरबॉक्स गेला म्हणून काळजी करत बसलो. त्यामुळं काम करताना समोर उभं राहा आणि स्कॅनरवर तापमान दाखवा म्हणा.

दुसरा सल्ला, कूलर. दाजींनी घाटात ओझं न्यायचं असेल तर सगळ्यात जास्त फायदा ह्याच्यात आहे असं माझं स्पष्ट मत. प्लेटवाला घ्या, नळीवाल्यापेक्षा तेवढ्याच जागेत जास्त उष्णता काढतो. रेडिएटरमधनं तेल बाहेर आलं की मग ह्या कूलरमधनं परत गिअरबॉक्सला, असा क्रम. थंड देशात तेल फार गार होऊ नये म्हणून थर्मोस्टॅट लावतात, आपल्या कोल्हापुरात मला त्याची गरज कधी वाटली नाही. माझं घाटातलं तापमान कूलरनंतर दहाबारा डिग्रीनं खाली आलं. तोटा एवढाच की जोड वाढले म्हणजे गळतीच्या जागा वाढल्या, त्यामुळं पाइप ट्रान्समिशन तेलाचाच पाहिजे, आणि पावसाळ्यानंतर फिन्समधला चिखल हलक्या पाण्यानं धुवावा लागतो. वॉरंटीतली गाडी असेल तर आधी शोरूममध्ये विचारा.

तिसरा, रिबिल्ड. व्हिडिओत दाखवतात ते अमेरिकेतल्या रॅमसारख्या गाड्यांचं असतं, तिथं कमिन्सचं इंजिन हजार न्यूटन मीटरच्या वर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतं आणि लोक त्यावर आणखी वाढवतात, म्हणून त्यांना खास कन्व्हर्टर आणि जादा प्लेटा लागतात. आपल्याकडं इसुझू व्ही-क्रॉस 1.9 चे 360, टोयोटा हायलक्स ऑटोमॅटिकचे 500. जेवढा टॉर्क कंपनीनं दिलाय तेवढ्यासाठी आतलं सामान पुरेसं असतं. रिमॅप केलं की मात्र क्लच घसरायला लागू शकतात, म्हणून रिमॅपला माझा ठाम नकार. रिबिल्ड कधी करायचं, तर तेल काळं आणि जळका वास, गिअर पडताना आरपीएम वर जातंय पण गाडी पळत नाही, डीमध्ये टाकल्यावर दोनतीन सेकंदांनी धक्का बसतोय. तिथं नवीन तेलानं काही होणार नाही. आणि केलंच तर टॉर्क कन्व्हर्टर, सील किट आणि कूलरची सफाई सोबतच, नाहीतर जुन्या कन्व्हर्टरमधली घाण नवीन प्लेटांत येणार. एका रिबिल्डच्या बिलात दहा तरी ऑइल चेंज बसतात. भंगारातला वापरलेला गिअरबॉक्स स्वस्त पडतो, पण त्याचं आधीचं आयुष्य कोण सांगणार?

सेकंडहँडला एक गोष्ट मी हटकून बघतो, पुराचं पाणी. 2019 आणि 2021 ला कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. गिअरबॉक्सला हवा घ्यायची नळी असते, तापलेला बॉक्स एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढलं जातं. मग तेल गुलाबी दुधासारखं दिसतं आणि प्लेटांवरच्या अस्तराचा गोंद सुटतो. असं दिसलं तर कूलर, मशीन सगळं विसरा, ती गाडी थेट रिबिल्डचीच.

दाजींच्या गाडीचं तेल रविवारी काढून बघितलं. तपकिरी झालंय, पण जळका वास नाही, चुंबकावर फक्त राखाडी चिखल. पहिलं भरणं झालं, दुसरं हजार किलोमीटरनं, आणि कूलर आंब्याच्या सीझनच्या आधी बसवायचा ठरलाय.