जुनं घ्यायचं, पण कुठून? दुकान, अ‍ॅप आणि स्वस्तातलं नवीन

'सेकंडहँड' म्हटलं की आपण सगळं एकाच पिशवीत कोंबतो. खरं तर त्यात निदान तीन वेगळे बाजार आहेत. लोकांनी दान केलेल्या वस्तू विकणारी थ्रिफ्ट दुकानं, मालकाच्या वतीने निवडक माल विकून कमिशन घेणारी दुकानं, आणि अ‍ॅपवरून अनोळखी माणसाकडून थेट खरेदी. चौथा पर्याय मनात असतोच: एवढा खटाटोप करण्यापेक्षा स्वस्तातलं नवीनच का घेऊ नये?

माझं मत आधीच सांगून टाकते. किमतीवरून ठरवू नका, वस्तूतला दोष कसा सापडतो यावरून ठरवा. हाताने चाचपून, वास घेऊन, उजेडात धरून सापडणारा दोष असेल तर दुकानात जा. नेमकं मॉडेल ठाऊक असेल आणि दोष नंबरावरून किंवा चार फोटोंवरून कळत असेल तर अ‍ॅप. दोष आतच दडून बसत असेल आणि निघाला तर जिवावर बेतणार असेल तर नवीन, मग पैसे जास्त का लागेनात.

दुकाना-दुकानांतला फरक

दान आलेल्या वस्तूंची दुकानं मुळात गरजूंसाठी पैसा आणि काम उभं करायला निघाली. एडगर हेल्म्स या पाद्र्याने १९०२ मध्ये बॉस्टनमध्ये सधन घरांतून जुने कपडे आणि सामान गोळा करून, गरिबांकडूनच ते दुरुस्त करून विकायला सुरुवात केली. त्यातून गुडविल ही दानातल्या वस्तू विकणारी संस्था उभी राहिली. ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवरचं ऑक्सफॅम या ब्रिटिश सेवाभावी संस्थेचं दुकान १९४८ पासून विक्री करू लागलं. हा इतिहास गिऱ्हाइकाच्या कामाचा आहे, कारण त्यातून दर कसा ठरतो ते कळतं. माल फुकट आलेला असतो आणि चिठ्ठी लावणाऱ्याला दिवसभरात ढीगभर वस्तू हातावेगळ्या करायच्या असतात. त्यामुळे अस्सल लोकरीचा कोट आणि पॉलिस्टरचा कोट शेजारी-शेजारी, कित्येकदा एकाच दराने टांगलेले दिसतात. कापड ओळखणाऱ्या गिऱ्हाइकाचा फायदा तिथेच होतो. ज्याला ते ओळखता येत नाही, त्याच्यासाठी ही दुकानं नुसती स्वस्त आहेत, फायद्याची नाहीत.

तोटाही त्याच कारणाने होतो. आलं ते आलं. 'पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, याच मापाचा, परवाच्या मुलाखतीसाठी' अशी गरज असेल तर इथे वेळ घालवू नका. ज्याला घाई नाही आणि येता-जाता डोकावता येतं, त्याचं हे दुकान.

कमिशनवर चालणारी दुकानं, ज्यांना कन्साइनमेंट म्हणतात, त्यांचं गणित निराळं. वस्तू विकली गेली की मूळ मालकाला वाटा मिळतो, म्हणून दुकानदार फाटकं-डागाळलेलं आत घेतच नाही. दर अर्थातच चढा. थोडक्यात, ढिगारा उपसायचं काम दुसऱ्याने केलेलं असतं आणि त्याची मजुरी तुम्ही देता. सूट, हिवाळी कोट, समारंभाचे कपडे यांच्यासाठी मला ही मजुरी वाजवी वाटते. रोजच्या टीशर्टसाठी मुळीच नाही. महागड्या ब्रँडची बॅग घेत असाल तर 'अस्सल आहे' हे तोंडी ऐकून भागत नाही. पावतीवर लिहून घ्या आणि खोटी निघाल्यास पैसे परत मिळतील का ते तेव्हाच विचारा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

अ‍ॅपची ताकद आणि अ‍ॅपची खोड

ईबे १९९५ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. संस्थापक पिअर ओमिडयार यांनी घेणाऱ्याला विचारलं म्हणे, हा मोडका आहे हे कळलंय ना? तर तो म्हणाला, मी मोडकेच जमवतो. ऑनलाइन बाजाराचं मर्म या किश्श्यात आहे. दुकानात नशिबाची वाट बघावी लागते, इथे नाव टाकून शोधता येतं. बंद पडलेल्या मॉडेलचा मिक्सरचा जार, ताटांच्या संचातल्या फुटलेल्या ताटासारखंच दुसरं ताट, आवडत्या पँटची त्याच मापाची दुसरी प्रत, हे सगळं अ‍ॅपवरच मिळतं.

खोड अशी की फोटोला वास येत नाही. कुबट वास, सिगरेटचा धूर, डांबराच्या गोळ्या, घामावर मारलेलं अत्तर, यातलं काहीच पडद्यावर कळत नाही. 'एकदाच वापरलंय' हे वाक्य तर इतक्या वेळा वाचायला मिळतं की जगातले सगळे कपडे एकदाच वापरून विकायला काढतात की काय असं वाटावं. म्हणून विक्रेत्याला नेमकं विचारायचं: दिवसाउजेडी काढलेले लेबलाचे, काखेचे आणि बुटाच्या तळाचे फोटो, आणि कपडा सपाट अंथरून टेपने घेतलेलं छातीचं व खांद्याचं माप. 'एल' किंवा 'एम'वर जाऊ नका. प्रत्येक कंपनीचा एल वेगळा, आणि धुऊन आटलेल्या कपड्याचं लेबल काही आटत नाही.

परत करण्याचाही प्रश्न आहे. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क आहे, पण तो व्यावसायिक विक्रेत्याविरुद्ध. खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या वस्तूला तो लागू होत नाही. इतरत्र कायदे वेगळे असतील, तरी विक्रेता दुकानदार आहे की कपाट रिकामं करणारा कोणी सामान्य माणूस, हे पैसे देण्याआधी बघून ठेवा. आणि पैसे अ‍ॅपमधूनच द्या. 'बाहेरून दिलेत तर थोडं कमी करतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करायचा.

कपडे: इथे हातच हवा

कपड्यांच्या बाबतीत मी दुकानाच्या बाजूने आहे, कारण कपड्याचे बहुतेक सगळे दोष बोटांना कळतात. आधी कपडा उजेडासमोर धरा. बसण्याच्या जागी, कोपरांवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला कापड विरलेलं असेल तर जाळीसारखं दिसतं. त्याला रफू टिकत नाही, कारण टाका धरायला शेजारचं सूतच मजबूत उरलेलं नसतं. मग काख आतून बघा: पिवळटपणा आणि कडकपणा आला असेल तर तो धुऊन क्वचितच जातो. चेन दोनदा वर-खाली करा. काजं सैल झालीत का बघा. लवचीक धागा असलेली पँट ताणून सोडा. लगेच पूर्ववत झाली नाही, लाटा उरल्या, तर आतला इलॅस्टेन संपला. यावर शिंप्याकडेही उपाय नाही.

मग कपडा उलटा करून शिवणीत माया, म्हणजे टाक्यांपलीकडचं जादा कापड, किती सोडलीय ते पाहा. बोटभर माया असेल तर कपडा सैल करता येतो, म्हणजे थोडा घट्ट असलेला ब्लेझरही तुमच्या कामाचा. स्वस्तातल्या नव्या कपड्यांत मायाच नसते, शिवणीलगत कापून ओव्हरलॉक मारलेलं असतं. जुना चांगला कपडा आणि नवा स्वस्त कपडा यांतला फरक दाखवायला मी कोणालाही आधी शिवणच उलटी करून दाखवीन. तुटलेलं बटण, उसवलेली तुरपाई, लांब बाह्या हे दोष मात्र खुशाल स्वीकारा. त्यांच्यामुळेच दर पडलेला असतो.

घरी आणल्यावर कपडे सरळ कपाटात ठेवायचे नाहीत. सोसणारं कापड असेल तर ड्रायरमध्ये चांगल्या तापमानाला अर्धा तास फिरवलं की ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. साधारण ५० अंश सेल्सिअसला त्यांचा निभाव लागत नाही. लोकर असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा, कसरीचाही बंदोबस्त होतो.

बुटांचं वेगळं सांगावं लागतं, कारण ते फसवतात. अनेक बुटांचा मऊ तळ पॉलियुरेथेनचा असतो आणि तो हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षं आतून कुजत जातो, बूट कपाटात पडून असला तरी. वरून कोरा करकरीत दिसणारा बूट चार पावलांत भुगा होऊ शकतो. तळाला नख दाबून पाहा. खूण उमटून तशीच राहिली किंवा चिकट लागलं तर ठेवून द्या. चामड्याच्या तळाचे, नवा सोल बसवता येणारे बूट मात्र जुने घ्यायला हरकत नाही.

लाकूड आणि लोखंड

फर्निचर बघायला स्वतः गेलंच पाहिजे, मग ते दुकानात असो की अ‍ॅपवर सापडलेलं. खण पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यात लाकडाचे दात एकमेकांत अडकवलेले दिसले तर सुताराने मनापासून केलेलं काम आहे. नुसते स्टेपल आणि डिंक दिसला तर समजून घ्या. पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं, कपाट एकदा सुटं करून पुन्हा जोडलं की स्क्रू पहिल्यासारखा धरत नाही, त्यामुळे असं कपाट जुनं घेणं म्हणजे वाहतुकीचा खर्च वाया घालवणं. लाकडाला टाचणीएवढी भोकं असतील तर खाली पाहा: फिकट ताजा भुसा पडला असेल तर आत कीड जिवंत आहे. भोकं जुनी, काळपट आणि कोरडी असतील तर चिंता कमी. गाद्या आणि कापडी सोफे मी जुने घेत नाही, कारण त्यांच्या शिवणीत काय आहे ते घरी आणल्याशिवाय कळत नाही.

लोखंडी तवा, कढई, पितळेची भांडी यांच्यासाठी खिशात छोटंसं लोहचुंबक ठेवावं. पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आणि वरून नुसता मुलामा. बिडाच्या तव्याचा गंज घासून जातो, पण तो सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का पाहा आणि बोटाने टिचकी मारा. तडा असेल तर आवाज बद्द येतो. ओरखडलेलं नॉनस्टिक फुकट मिळालं तरी नको. रंगीत नक्षीच्या जुन्या चिनी मातीच्या भांड्यांत शिसं असू शकतं, ती शोभेला ठेवा, जेवायला नाही.

फोन: इथे अ‍ॅप पुढे

फोनचे दोष बोटांना कळत नाहीत, नंबरांना कळतात. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख-नंबर, काढा आणि चोरीला गेलेल्या फोनांच्या यादीत तो नाही ना हे तपासा. मूळ मालकाने स्वतःचं खातं तुमच्यासमोर काढून टाकलंच पाहिजे, नाहीतर फोन लॉकच राहतो आणि तुम्ही एक सुंदर वीट विकत घेतलीत. बॅटरीचं तर गणितच मांडता येतं. अ‍ॅपल स्वतः सांगतं की आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांची बॅटरी ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी अशी बनवलेली आहे, आणि १५ पासून हा आकडा १,००० आहे. म्हणजे दोन जुने फोन एकाच भावात असतील तर नवी बॅटरी बसवण्याचा खर्च धरून तुलना करायची. हमी देणारा, फोन तपासून पुन्हा विकणारा व्यावसायिक विक्रेता मिळत असेल तर थोडे जास्त मोजून त्याच्याकडूनच घ्यावा.

नवीनच घ्या, अशी यादी छोटी आहे

हेल्मेट. आतला फोम एकाच धडकेत दबतो आणि परत फुगत नाही, पण वरचं कवच चकचकीतच राहतं. गाडीतली लहान मुलाची सीट. तिच्या कवचावर बऱ्याचदा मुदत छापलेली असते, ती अपघातातून गेली आहे की नाही हे सांगणारा फक्त विक्रेता असतो, आणि त्याच्यावर कशाला विसंबायचं? बाळाचा जुना पाळणा घेतानाही तसंच. एक बाजू खाली सरकणारे पाळणे अमेरिकेत २०११ पासून विकायलाच बंदी आहे, वापरलेलेही विकता येत नाहीत, तरी अशा जुन्या वस्तू माळ्यावरून निघत असतात.

बाकी 'स्वस्तातलं नवीन' हा पर्याय मला फक्त अंतर्वस्त्रं, मोजे आणि चार्जर यांच्यापुरताच पटतो. तीन धुण्यांत पिळवटणारा टीशर्ट नवीन असण्याचा फायदा फक्त तीन धुण्यांपुरता.

उलट बाजूही आहे. जुनं स्वस्त मिळतंय म्हणून माणूस नको ते उचलतो आणि पुन्हा दानपेटीत टाकतो. दान केलेल्या सगळ्या कपड्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. उरलेले गठ्ठे बांधून परदेशी जातात, घानातल्या आक्रा शहराच्या कांतामांतो बाजारासारख्या ठिकाणी, आणि तिथेही जे विकलं जात नाही त्याचा कचरा होतो. म्हणून दुकानात शिरण्याआधी फोनमध्ये यादी असावी, आणि त्यात आपल्या अंगाला बसणाऱ्या एका शर्टची आणि एका पँटची सपाट मापं. ट्रायल रूम बंद असली तरी टेप लावून निर्णय होतो.

नवं बिऱ्हाड मांडताय आणि हाताशी आठवडाच आहे, असं असेल तर मी अशी वाटणी करीन: गादी नवीन, टेबल-खुर्च्या जवळच्या माणसाकडून अ‍ॅपवरून पण स्वतः जाऊन बघून, भांडी आणि पडदे थ्रिफ्ट दुकानातून, आणि कपाट तूर्त नाहीच. कपडे महिनाभर दोरीवर राहिले तरी चालतात, आणि तेवढ्यात कोणीतरी घर बदलताना खरं लाकडी कपाट विकायला काढतंच.