पंखे जुनेच, काटा फिरवलेला आणि बिल १२,७७,५०० रुपयांचं

ज्यांच्याकडे डिझेलची मोटर यॉट आहे, दोन इंजिनं, दोन शाफ्ट, त्यांनी हे नीट वाचावं. कुणी “पंखे (म्हणजे बोट ढकलणारे प्रोपेलर) बदलून आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, भरून काढू” म्हणालं, तर पैसे देण्याआधी पुन्हा एकदा वाचावं. माझे १२,७७,५०० रुपये गेले. बोट वर काढायचे आणि परत पाण्यात सोडायचे ६२,००० यार्डाने, म्हणजे बोटी दुरुस्त होतात त्या आवाराने, घेतले, ते काम खरंच झालं. उरलेल्या १२,१५,५०० रुपयांत माझ्या पदरात काय पडलं? पॉलिश मारलेले माझेच जुने पंखे आणि आरपीएम दाखवणाऱ्या मीटरच्या पाठीमागे फिरवलेला एक स्क्रू. पाठोपाठ डावं इंजिन बसलं, त्याचे ९,४२,००० वेगळे.

मुळात दुखणं खरं होतं, म्हणूनच हे काम घेणारा कंत्राटदार आत शिरू शकला. माझ्या इंजिनांचं रेटिंग २,८०० आरपीएम. टाक्या भरलेल्या, तळ स्वच्छ, तरी पूर्ण थ्रॉटलला दोन्ही इंजिनं २,५६० च्या वर जात नव्हती. बोटीच्या मागच्या फळीवर काजळी धरायची. पंखा इंजिनाला जड आहे याची ही सरळ लक्षणं. इंजिन रेटेड आरपीएमला पोचत नाही, इंधन कमीजास्त करणारा गव्हर्नर मात्र डिझेल ओतत राहतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं, आणि व्हॉल्व्ह, पिस्टन जळू लागतात. पूर्ण भारात इंजिन रेटिंगपर्यंत किंवा त्याच्याही थोडं वर गेलंच पाहिजे. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी काही अजाण गिऱ्हाईक नव्हते, आणि म्हणूनच हे लिहिताना हात थरथरतोय.

त्याने केलेलं निदान बरोबर होतं. पंखे २६ × २४, म्हणजे व्यास २६ इंच, पिच (घसर न धरता एका फेऱ्यात पंखा पुढे सरकेल ते अंतर) २४ इंच, गिअर २:१, म्हणजे इंजिनाचे दोन फेरे तेव्हा शाफ्टचा एक. “पिच दोन इंचांनी उतरवू, २६ × २२ चे नवे निब्रालचे पंखे घालू.” निब्राल म्हणजे निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझ. एक इंच पिच कमी केला की साधारण शंभर-सव्वाशे आरपीएम मिळतात, बोटीनुसार थोडं इकडेतिकडे. हिशेब पटण्यासारखा होता. त्याने दिलेलं अंदाजपत्रक असं: दोन पंखे ७,७०,०००, आफ्टरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारा) आणि हीट एक्स्चेंजर (इंजिनाचं पाणी थंड करणारा) काढून साफसफाई, प्रेशर टेस्ट २,३६,५००, इंजेक्टर आणि टर्बो १,८४,०००, यार्ड ६२,०००, सी ट्रायल (समुद्रात बोट चालवून चाचणी) आणि रिपोर्ट २५,०००. साठ टक्के आगाऊ, म्हणजे ७,६६,५००. राहिलेले ५,११,००० ट्रायलनंतर. मला वाटलं, शेवटचा हप्ता ट्रायलला बांधलेला आहे, म्हणजे दोरी माझ्या हातात आहे. ट्रायलच बनावट निघेल हे कुणाच्या डोक्यात येणार?

जुने पंखे मी मागितले नव्हते. तुम्ही मागा. कामाच्या आधी हबवरचा (पंख्याच्या मधल्या भागावरचा) ठसा, अनुक्रमांक आणि पात्यांवरच्या खुणा यांचे फोटो काढून ठेवा आणि जुने पंखे हातात आल्याशिवाय दमडी देऊ नका. “जुन्याचं भंगार वजा करून भाव दिलाय” असं तो म्हणाला. हेच वाक्य ऐकलेला आणखी एक यॉटमालक मला नंतर भेटला.

बोट वर असताना मी तिथे का नव्हते, असं मला बरेच जण विचारतात. कारण त्या यार्डात मालकाला बोटीखाली उभं राहू देत नाहीत. विम्याचं कारण सांगतात, गेटवरूनच परत पाठवतात. मला फोटो आले, चकाकणारे पंखे, चकाकणारा शाफ्ट. सोबत डिजिटल स्कॅनचा छापील कागद, त्यावर आयएसओ ४८४, क्लास १, हे पंख्याच्या अचूकतेचं मानक. मोजमाप पात्यापात्याचं, दशांशापर्यंत. असा कागद हातात आल्यावर कुठला शहाणा माणूस शंका घेईल?

आता ट्रायल. हे लिहायचं नव्हतं, पण याच्यासाठीच तर लिहायला बसले.

इंजिनं सुरू केली. न्यूट्रलमध्ये, बोट धक्क्यालाच बांधलेली. माझ्या इंजिनांचा आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता फिरण्याचा वेग, वर्षानुवर्षं ६५०. काटा त्या रेघेवर टेकलेला मला झोपेतही दिसतो. त्या दिवशी काटा ७०० च्या पुढे होता, ७१५-७२० च्या आसपास. दोन्हींचा. मी विचारलं. तो म्हणाला, “ताई, आयडल जरा वर घेतलाय, गिअर टाकताना इंजिन बंद पडू नये म्हणून.” आणि मी मान हलवली.

इंजिनाचा आवाज तोच होता. तेच धडधडणं, तीच लय, पायाखाली तोच कंप. आयडल खरोखर दहा टक्क्यांनी चढवला असता तर तो कानांना कळला असता, तळव्यांना कळला असता. काटा वर आणि आवाज जागच्या जागी! सगळी लबाडी त्या एका मिनिटात माझ्यासमोर उघडी पडली होती, आणि मी शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं ऐकलं, समोरच्या इंजिनाचं नाही. ते मिनिट मला आजही रात्री जागं करतं.

समुद्रात गेल्यावर पूर्ण थ्रॉटल. काटे २,८२० वर. तो हसला, हात पुढे केला. जीपीएसवर वेग मात्र पूर्वीइतकाच, साडेएकोणीस नॉट. तेही मी बोलून दाखवलं. त्याने लगेच मोबाइलवर हिशेब मांडला: शाफ्टचे आरपीएम गुणिले पिच, भागिले १,२१५, म्हणजे घसर (पंखा पाण्यात घसरून वाया जातो तो भाग) न धरता येणारा वेग नॉटमध्ये. आधी १,२८० गुणिले २४, उत्तर २५.३. आता १,४१० गुणिले २२, उत्तर २५.५. “बघा, पिच उतरला, फेरे वाढले, वेग तिथेच.” सूत्र खरं आहे. गणितात चूक नव्हती. जो आकडा त्यात घातला तोच खोटा होता. एवढी तयारी करून आलेल्या माणसासमोर कोण टिकतं, सांगा मला. ५,११,००० मी त्याच संध्याकाळी पाठवले.

जाताना तो सांगून गेला, “आता २,५५० ला बिनधास्त चालवा.” माझ्या इंजिनाचा घात याच वाक्याने केला. आधी मी भीतीपोटी २,१०० च्या पुढे जात नव्हते. आता काटा २,५५० दाखवत होता तेव्हा इंजिन खरं २,३१८ च्या आसपास फिरत होतं, तोच जड पंखा ओढत, मोडायच्या टोकाला येऊन, तासन्‌तास. मागची काजळी गेली नव्हती. तिच्यासाठीही त्याच्याकडे उत्तर तयार होतं: “नवे इंजेक्टर बसायला वेळ लागतो.”

डावं इंजिन गेलं तेव्हा मी दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. वयस्कर, मितभाषी माणूस. त्याने हेड उतरवलं, जळलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा माथा बघितला आणि म्हणाला, “हे इंजिन ओव्हरलोडमध्ये चाललंय.” मी ट्रायलचा रिपोर्ट पुढे केला. त्याने तो वाचलाच नाही. उजव्या इंजिनाच्या क्रँक पुलीवर चमकत्या टेपचा एवढासा तुकडा चिकटवला, इंजिन सुरू केलं, खिशातून लेझर टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजायचं यंत्र, काढून त्यावर धरला. ६५०. वर डॅशबोर्डवर काटा ७१५ ला. मग त्याने मीटर बाहेर काढून मला त्याची पाठ दाखवली. सेन्सरशी जुळवणीसाठी तिथे बारीक ॲडजस्टमेंटचा स्क्रू असतो. त्याच्या खाचेवर ताजा चरा होता. दोन्ही मीटरवर.

डावं इंजिन दुरुस्त झाल्यावर भरल्या टाक्यांनी पुन्हा चालवून बघितलं: काटा २,८२०, लेझर २,५६३. पूर्वी होतं तिथेच.

मग बोट वर काढून पंखे बघितले. हबवर २६ × २२ असा सुबक ठसा. पण तो जरा खोलगट जागेत होता, कारण आधीचा ठसा कानशीने घासून काढलेला होता. पॉलिश पेपरने हलकं पुसल्यावर शेवटच्या दोनच्या खालून चारची तिरकी रेघ डोकावली. पिच मोजला, २४ भरला. एका पात्याच्या टोकाला जुन्या दुरुस्तीचा वेल्ड, माझ्या ओळखीचा. पूर्वी तरंगत्या ओंडक्याला आपटून ते टोक वाकलं होतं. आणि हबजवळ गुलाबी डाग. मँगनीज ब्राँझमधलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून गेलं की धातू असा गुलाबी पडतो. निब्रालमध्ये जस्त जवळपास नसतंच.

आफ्टरकूलरची गोष्ट तर डोळ्यांसमोर होती. बोल्टच्या डोक्यांवर कंपनीचा रंग अखंड. पाना लागला असता तर कडेने रंगाचे टवके गेले असते. तुमच्याकडे कुणी आफ्टरकूलर “काढून” साफ केला असेल तर आजच टॉर्च घेऊन खाली उतरा आणि बोल्ट बघा. आतला गाळ, जुने ओरिंग (रबरी सील), प्रेशर टेस्ट चालू असतानाचा गेज, सगळ्याचे फोटो मागा. इंजेक्टर बसवले असतील तर जुने वॉशर मागा. माझ्या इंजिनात जुनेच निघाले.

आता दाद मागण्याबद्दल.

पोलीस ठाण्यात पहिलंच वाक्य: “मॅडम, हा दिवाणी मामला आहे.” मी म्हटलं, ठसा घासून खोटा मारलाय, मीटरमध्ये फेरफार केलाय, खोट्या रिपोर्टवर पैसे उकळलेत, याला फसवणूक नाही तर काय म्हणतात? त्यांनी विचारलं, यॉट म्हणजे मासेमारीची का? अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला. नंतर चौकशीला गेले तर ज्यांनी अर्ज घेतला त्यांची बदली झालेली, आणि नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगायचं. पिच म्हणजे काय इथपासून.

बंदर कार्यालयाने सांगितलं की त्यांचा संबंध नोंदणीशी आणि सुरक्षेच्या साधनांशी, खाजगी बोटीच्या दुरुस्तीच्या दर्जाशी नाही. समुद्रात इंजिन बंद पडलं असतं तर? “तेव्हा कळवा.” मी तिथेच उभी राहून हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

विमा कंपनीचं पत्र दोन परिच्छेदांचं. झीज आणि सदोष कारागिरी पॉलिसीत बसत नाही. म्हणजे कारागिरी सदोष आहे हे ते लेखी मान्य करतात, पण फक्त मला पैसे नाकारण्यापुरतं! ते पत्र मी पोलिसांना दाखवलं तर म्हणाले, विमा कंपनीने काय लिहिलं याला अर्थ नाही.

यार्डाच्या मालकाने हात झटकले. तो बाहेरचा कंत्राटदार, आम्ही फक्त जागा देतो. जागा देता, गेट सांभाळता, मालकाला आत सोडत नाही, आणि तुमच्याच आवारात पंख्याचा ठसा घासला जातो ते तुम्हाला दिसत नाही? गेटवरच्या कॅमेऱ्यांचं फुटेज मागितलं, ते “ओव्हरराइट” झालेलं.

सर्वात जास्त संताप आला सर्व्हेअरचा, म्हणजे बोट तपासून अहवाल देणाऱ्याचा. मोजणी त्याने स्वतः केली, लेझरचे आकडे स्वतः लिहिले. अहवालात शब्द घातला “विसंगती”. मी म्हटलं, फेरफार लिहा. म्हणाला, हेतूबद्दल मी लिहू शकत नाही. त्या एका शब्दामुळे ग्राहक तक्रारीत समोरचा वकील म्हणतो की मीटर जुना आहे, जुन्या मीटरमध्ये विसंगती असतेच. दोन्ही मीटर, एकाच आठवड्यात, एकाच दिशेने, सारख्याच दहा टक्क्यांनी बिघडले? हा प्रश्न विचारायला कुणाची जीभ उचलत नाही. सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि तो माणूस आजही पुढच्या धक्क्यावर कामं घेतोय, तीच टूलबॉक्स, तेच कागद.

लेझर टॅकोमीटर फार महाग नसतो, स्वतःचा ठेवा. ट्रायल स्वतःच्या टॅकोमीटरवर, भरल्या टाक्यांनी, आणि कंत्राटदाराने सुचवलेल्या नव्हे, तुम्ही निवडलेल्या माणसासमोर. न्यूट्रलमध्ये रेस करून आरपीएम दाखवणाऱ्याला तिथेच थांबवा. बिनभाराचं इंजिन वर जाणारच, त्याने काहीच सिद्ध होत नाही. शाफ्ट कपलिंगची अलाइनमेंट (शाफ्ट आणि गिअर एका रेषेत आहेत का ते) बोट पाण्यात स्थिरावल्यावरच तपासतात. ती वर असतानाच “करून टाकली” म्हणणाऱ्याची बाकीची कामंही तपासा. तेलाचे नमुने ठरावीक तासांनी स्वतः प्रयोगशाळेत पाठवा, सोडियम (खारं पाणी शिरल्याची खूण) आणि लोखंड (झिजेची खूण) चढायला लागलं की कागद बोलतो. बिलात “ओव्हरहॉल” असा मोघम शब्द चालवून घेऊ नका. आणि पंखा बसवताना तुम्हाला बोटीखाली उभं राहू देत नसतील, तर ते यार्ड बदला.

पंखे मी उतरवून वेगळे ठेवले आहेत, मीटरही तसेच, स्क्रूला हात न लावता. तक्रारीची पुढची तारीख लागली आहे. तुमच्या बिलावर “निब्राल २६ × २२” किंवा असंच काही असेल आणि हबवरचा ठसा खोलगट जागेत दिसला, तर त्याला पॉलिश मारू नका. उजेड तिरका पाडून फोटो घ्या, वेगळ्या माणसाकडून पिच मोजून घ्या आणि मोजणीच्या कागदावर त्याला “फेरफार” हा शब्द लिहायला लावा. तो तयार नसेल तर दुसरा सर्व्हेअर बघा.