चूक लेआउटची नव्हती, मॉस्फेट खोटे होते

सहा हजार वाचवायला गेलो आणि 22,450 रुपयांना बुडालो. वीस वर्षं हातात सोल्डरिंगची बंदूक असलेल्या माणसाने हे लिहायचं म्हणजे लाजच आहे.

एका ग्रामपंचायतीच्या पथदिव्यांसाठी 18 वॅटचे 300 ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला लागेल तशी वीज देणारे बोर्ड, करायचे होते. साधा फ्लायबॅक, म्हणजे छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून वीज तोडत-जोडत पुरवणारं सर्किट. त्यात वीज झपाट्याने चालू-बंद करणारा, 600 व्होल्ट सोसणारा मॉस्फेट अधिकृत वितरकाकडे 19 रुपये, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात 11. इनपुटला वीज साठवणारा 22 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर 26 ऐवजी 14. वितरक सहा आठवडे थांबा म्हणाला, ग्रामपंचायतीची मुदत महिन्याची. मी काय करणार होतो? आधी मागवलेले पाच नमुने अस्सल निघाले. (नमुने अस्सलच असतात, मलाही माहीत होतं!) 7,500 रुपये रोख दिले, कच्च्या बिलावर.

काउंटरवर मॉस्फेट भरलेल्या सहा प्लॅस्टिकच्या ट्यूब शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. सगळ्यांवर तारखेचा कोड एकच, पण दोन ट्यूबमधल्या मॉस्फेटच्या पत्र्याची खाच गोल आणि बाकीच्यांची चौकोनी. मी ते पाहिलं. अंगठा फिरवला तर काळा भाग खरखरीत लागला. तेवढ्यात कटिंग आला, मला 5:10ची डेक्कन क्वीन गाठायची होती, आणि मी ट्यूब पिशवीत टाकल्या. ते अर्धं मिनिट अजून रात्री झोपू देत नाही.

पहिले 150 दिवे लावले. पंधरा दिवसांत 57 गेले. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "साहेब, माल ओरिजिनल आहे. तुमचा ड्रेनचा ट्रॅक लांब असेल, स्पाइक येत असेल." (ड्रेन म्हणजे मॉस्फेटचा एक पाय, स्पाइक म्हणजे व्होल्टेजची क्षणभराची उसळी.) आणि मी मानलं! आपल्या लेआउटवर, बोर्डावरच्या मांडणीवर, संशय कोणाला नसतो? ती उसळी शोषणारा स्नबर ड्रेनला चिकटवला, करंटची लूप आवळली, 150 नवे बोर्ड 38 रुपयांनी काढले: 5,700. बोर्ड खरंच सुधारला, पण मॉस्फेट तरीही मेले. शिडी, जीप, मजुरी 9,250.

मग कापसावर ॲसिटोन घेऊन पुसलं. कापूस काळा झाला, खाली सँडपेपरच्या रेघा, म्हणजे जुनं नाव घासून वर काळा रंग देऊन नवं छापलेलं. (सगळे खोटे असे उघडे पडत नाहीत, काहींचा रंग ॲसिटोनलाही दाद देत नाही.) ब्रेकडाउन, म्हणजे मॉस्फेट किती व्होल्टला फुटतो ते, मोजला तर 510 व्होल्टला फुटला. गावात रात्री 265 व्होल्ट येतात, म्हणजे शिखर 375, त्यावर ड्रायव्हरमधल्या ट्रान्सफॉर्मरकडून उलटे येणारे शंभर, वर स्पाइक. कसा टिकेल? कॅपॅसिटर कापला तर मोठ्या डब्यात दुसरा छोटा कॅपॅसिटर बसवलेला, दहा मायक्रोफॅरडचा. कॅपॅसिटर मोजायचा एलसीआर मीटर कपाटात होता. आलेल्या मालातले दहा मोजा, नमुन्यातले नाही.

पोलीस चौकीत साहेब म्हणाले, "दिवाणी मामला आहे, वकील गाठा." ग्राहक आयोगाच्या खिडकीवर ऐकलं, "धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही." स्वतःच्या रोजीरोटीपुरता धंदा करणाऱ्याला 2019च्या कायद्यात सूट आहे, हे मी सांगितलं, तर लेखी आणा. लेखी नेलं, तर बिल आणा. करखात्यातही बिलच मागितलं, वर मलाच विचारलं, कच्च्यावर का घेतलं? फसवलं त्याने, सफाई मी देत फिरतोय. पक्कं बिल घ्या, त्यावर लॉट क्रमांक लिहून घ्या, नाहीतर तुम्हीच आरोपी.

काल त्या दुकानदाराचं स्टेटस पाहिलं: "600 व्होल्ट मॉस्फेट, 100 टक्के ओरिजिनल, फक्त 10 रुपये." एक रुपया उतरलाय.