पांढऱ्या कपड्यांसाठी कोणतं ब्लीच: क्लोरीनचं की ऑक्सिजनचं?

दोन्ही ऑक्सिडकारकच. चहाच्या डागाचा रंग दिसतो तो रेणूतल्या एकाआड एक दुहेरी बंधांच्या साखळीमुळे. ऑक्सिडीकरणाने ती तुटली की रंग गेला. प्रश्न एवढाच, की तोडणारा कपड्याला किती सांभाळून घेतो.

क्लोरीनच्या ब्लीचची, म्हणजे हायपोक्लोराइटची, बाजू लंगडी नाही. थंड पाण्यातही ते काही मिनिटांत काम करतं. 1785 च्या सुमारास बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीनने कापड पांढरं करून दाखवलं. त्याआधी तेच कापड आठवडेच्या आठवडे उन्हात पसरून ठेवावं लागे. बाथरूममधल्या बुरशीसाठी मी आजही हायपोक्लोराइटच वापरतो. फक्त ॲसिडच्या क्लीनरबरोबर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

कपड्यांसाठी मात्र मी परकार्बोनेटकडे, म्हणजे ऑक्सिजनच्या ब्लीचकडे, वळलो, आणि कारण वास नव्हे. हायपोक्लोराइट बाटलीत पडल्या पडल्याच विघटित होत राहतं. ऊन आणि उष्णता लागली तर आणखी लवकर. लेबलवरचं प्रमाण बाटली भरतानाचं असतं. त्यामुळे ओतायचं किती, हा दर वेळी अंदाजच. जुन्या बाटलीची सवय झालेला हात सैल सुटतो, आणि नवी बाटली उघडली की तेवढंच ब्लीच सुती कापडाच्या सेल्युलोजवर, म्हणजे धाग्याच्या मूळ घटकावर, उतरतं. लगेच काही कळत नाही. शर्ट पांढराशुभ्र निघतो. पण पुढे कधीतरी कॉलर उजेडात धरली, की घडीच्या रेषेवर कापड विरलेलं दिसतं आणि बोटांनी जरा ताणलं तर धागे सुटतात. मला हेच सर्वांत खटकायचं.

परकार्बोनेट म्हणजे कोरडी पावडर. डबा घट्ट बंद आणि कोरडा ठेवला तर ती बराच काळ टिकते. पाण्यात पडली की तिच्यातून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, बादलीत बारीक बुडबुडे येऊ लागतात. निदान माझ्या अनुभवात तरी चमचा तोच, तर परिणामही तोच. थंड पाण्यात मात्र ती फार सुस्त; 40 ते 60 अंशांचं पाणी आणि निवांत भिजवणं हवंच. पक्क्या रंगाच्या कपड्यांनाही ती बहुधा चालते, तरी शिवणीच्या आतल्या बाजूला आधी तपासलेलं बरं. कालवलेलं पाणी बाटलीत बंद करून ठेवू नका, ऑक्सिजनच्या दाबाने बाटली फुटू शकते. लोकर आणि रेशीम दोन्हींपासून लांबच ठेवा.

गरम पाण्याची सोय नसेल किंवा घाई असेल, तर हायपोक्लोराइट घ्यायला हरकत नाही. पण छोटी बाटली, तारीख बघून. रात्रभर भिजत घालता येत असेल तर मी तरी परकार्बोनेटच सुचवीन. डाग गंजाचा असेल तर मात्र दोन्ही बाजूला ठेवा. ते लोखंड आधीच ऑक्सिडीकरण झालेलं आहे, तिथे ऑक्झॅलिक ॲसिडसारखं काही लागतं.